विश्लेषण : जुन्या मोटारीच्या चाकाचे नट नेमके किती आवळावेत?

व्हिंटेज मोटारींच्या फेरीला निघण्यापूर्वी मालक इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगाची चमक पाहतो, हॉर्न वाजवून बघतो. चाकाच्या नटांकडे लक्ष जाते ते पंक्चर झाल्यावरच. हे नट ढिले राहिले तर चाक निखळू शकते. वाजवीपेक्षा जास्त आवळले, तरीही तोच धोका असतो. असे का?

चाक कशावर टिकते?

नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो. ताणलेला स्टड स्प्रिंगसारखा आखडू पाहतो आणि रिमला हबवर घट्ट दाबून धरतो. या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाक जागेवर ठेवते. दाब कमी पडला की रिम सूक्ष्म हलू लागते, तिची भोके मोठी होतात आणि स्टड तुटतात. अति आवळल्यास स्टड कायमचा ताणला जाऊन कमकुवत होतो, आटे जातात. नट कमी-जास्त आवळले गेले, तर ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क वाकडी होऊन ब्रेक दाबताच गाडी थरथरते.

हाताचा अंदाज का पुरत नाही?

अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला, की नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर पीळ पडतो. ७० किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला, तर हा आकडा ३४० च्या पुढे जातो. बहुतेक मोटारींची गरज साधारण ६० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. टायरच्या दुकानातील एअर गनवर भिस्त ठेवली, तर नट किती आवळला गेला हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मोजून आवळणारा टॉर्क पाना हवा.

आकडा कोणता घ्यावा?

त्या मॉडेलच्या मूळ पुस्तिकेतलाच. ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांच्या जुन्या पुस्तिकांत तो फूट-पाउंडात असतो. एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेत ६० फूट-पाउंड लिहिले असेल, तर पाना ८१ न्यूटन-मीटरवर लावावा लागतो. घाईत ६० न्यूटन-मीटरवरच लावला, तर नट पाव हिश्श्याने ढिला राहतो.

जुन्या गाडीत काय वेगळे?

पहिली गोष्ट उलट्या आट्यांची. डॉज, प्लिमथ अशा क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये १९७० च्या सुमारापर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने या गाड्यांची जुळणी केली होती. त्यांचे डावीकडचे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक सोडवण्याच्या नादात ते आणखी आवळतो आणि स्टड मोडतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर दिसते का, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट मापाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. या मापाचा नट १२ मिलिमीटरच्या स्टडवर चढून बसल्यासारखा वाटतो; पण आट्यांची पकड अपुरी राहते आणि नट निसटतो.

तिसरी गोष्ट रंगाची. नूतनीकरणात रिमला जाड रंग दिला जातो. रिम जिथे हबला टेकते आणि नट जिथे बसतो, तिथला रंग गाडी चालताना दबतो आणि पकड ढिली होते. या दोन्ही जागा रंगाशिवाय, स्वच्छ हव्यात. लोखंडी रिमऐवजी अलॉय बसवल्यास नटही त्या रिमच्या बैठकीशी जुळणारे घ्यावेत.

योग्य पद्धत कोणती?

हब आणि आट्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल, तर आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. तेलाने घर्षण घटते आणि पान्यावर तोच आकडा असूनही स्टड जास्त ताणला जातो. सर्व नट आधी हाताने फिरवावेत. आटे सरळ लागल्याची खात्री त्यातूनच होते. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. पाच नट असतील तर दर वेळी एक सोडून पुढचा घ्यावा, म्हणजे चांदणीचा आकार होतो. पहिली फेरी निम्म्या जोराने द्यावी. नंतर जॅक उतरवून चाक जमिनीला टेकवावे आणि त्याच क्रमाने पूर्ण आकड्यापर्यंत आवळावे. ‘टक्’ आवाज आला की थांबावे. काम झाल्यावर पाना सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवावा.

त्यानंतर ८० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की चाके थंड असताना सर्व नट पुन्हा तपासावेत. रिम नव्याने रंगवलेली असेल, तर ही तपासणी टाळूच नये. जुन्या गाडीच्या रंगकामावर मोठा खर्च करणाऱ्या मालकाने डिकीत स्टेपनीशेजारी टॉर्क पानाही ठेवायला हवा. रस्त्यावर निखळलेले चाक मालकापुरते थांबत नाही. ते समोरच्या दुचाकीवर किंवा पदपथावरच्या माणसावर जाऊन आदळते.