हवेला वेस नसते!

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीमुळे भारतभर प्रसिद्ध आहे. ही मूर्ती कशाच्याही आधारावाचून अधांतरी आहे, अशी भाविकांची शतकानुशतकांची श्रद्धा आहे. जैन दर्शनाने वायूलाही जीव मानले. बोलताना त्याची हिंसा होऊ नये म्हणून काही पंथांचे साधू मुखासमोर वस्त्र धरतात. अशा या तीर्थक्षेत्री वायूच्या जीवाची चिंता आहे. पण तोच वायू श्वासावाटे घेणाऱ्या माणसाच्या जीवाची चिंता करावयास आपले राज्यकर्ते तयार आहेत काय?

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ जाहीर केला. त्यातील शहरांची संख्या पुढे 131 वर गेली. महाराष्ट्रातील 19 शहरे त्यात आली. अकोला आले, अमरावती आली, नागपूर आणि चंद्रपूरही आले. वाशिम मात्र आले नाही. मग मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे नाव त्यात कोठून असणार? अकोला आणि वाशिम हे 1998 पर्यंत एकच जिल्हा होते. कागदावर रेघ ओढून सरकारने जिल्ह्याचे दोन भाग केले. हवेचे दोन भाग कोणी आणि कसे केले?

हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही, आयुष्याच्या वर्षांचा आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले धूलिकण नाकातल्या केसांना किंवा घशातल्या कफाला दाद देत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथून रक्तात उतरतात आणि दम्याइतकेच हृदयविकाराला व पक्षाघातालाही आमंत्रण देतात. अशा कणांचे प्रमाण एका घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने कायमचे वाढले, तर सरासरी आयुष्य सुमारे एक वर्षाने घटते, असे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांचे गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचविलेली वार्षिक मर्यादा पाच मायक्रोग्रॅमची आहे. आपल्या देशाचे 2009 चे मानक चाळीस आहे. या विद्यापीठाच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे सरासरी भारतीयाचे साडेतीन वर्षांचे आयुष्य ही हवा गिळून टाकते. जेमतेम सत्तरीपर्यंत पोहोचणाऱ्या देशाला ही चोरी परवडणारी नाही.

खेड्यातली हवा मोकळी, म्हणजे ती शुद्ध, ही समजूत शहरवासीयांनी आता टाकून द्यावी. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत चुलीवर आजही पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतात. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसची शेगडी घरोघर गेली. पण रिकामे सिलिंडर पुन्हा भरण्याइतके पैसे गाठीला नसले, म्हणजे गृहिणीला चुलीशिवाय गती नसते. 2019 या एका वर्षात दूषित हवेने भारतात सुमारे 16 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील सहा लाखांहून अधिक मृत्यू घरातल्या धुराचे होते!

बाहेरचा धूर निराळाच. शिरपूरपासून वीसेक कोसांवर, अकोला जिल्ह्यात, पारसचे 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पूर्वेला चंद्रपूरचे केंद्र 2920 मेगावॅटचे. कोळशातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायुरूपात फार काळ राहत नाही. हवेतच त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. असे असता डिसेंबर 2015 मध्ये घातलेली या वायूची बंधने वारंवार पुढे ढकलण्यात आली. जुलै 2025 मध्ये तर देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक वीजसंचांना तो टिपणारी यंत्रणा बसविण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक थोडे आहे, आणि हवेतला हा वायू मर्यादेत आहे, असे सरकार म्हणते. पण वायूचा कण झाल्यावर मर्यादा कोणाची मोजावयाची? सूट देण्याची कसोटीही पाहण्यासारखी आहे: दहा लाख वस्तीचे शहर किंवा अतिप्रदूषित ठरलेले क्षेत्र जवळ आहे की नाही! म्हणजे खेड्यातल्या माणसाचे फुप्फुस हिशेबात धरावयाचेच नाही, असा याचा अर्थ होतो.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसले. मृत्युनोंदींचे आकडे जुळविले तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसे अधिक मेल्याचे दिसून आले आणि 1956 मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्यामागे त्या मोजदादीचे बळ होते. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी कायदा होत नाही आणि पैसाही मिळत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. हवेचा कार्यक्रम शहराच्या नावाने न आखता जिथवर एकच हवा वाहते, त्या साऱ्या प्रदेशाच्या नावाने आखा. तालुक्याच्या गावी सूक्ष्म कण मोजणारे यंत्र बसवा आणि तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील श्वसनविकारांच्या नोंदी त्याशेजारी ठेवा. सिलिंडर गरिबाला पेलवेल अशा दरात द्या. वीजकेंद्रांना दिलेली सूट मागे घ्या. शहरांसाठी दिलेल्या पैशातला 64 टक्के भाग रस्त्यावरची धूळ बसविण्यात गेल्याचे 2024 साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने दाखवून दिले. धूळ झाडून धूर जात नाही!

मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वाचकांनाही एक सांगावेसे वाटते. आपल्या दिवाणखान्यातला दिवा विदर्भातल्या कोळशावरही जळतो. दिव्याखाली अंधार असतो, हे आपण जाणतोच. त्या अंधारात माणसे श्वास घेत आहेत, याचेही भान ठेवले पाहिजे. शिरपूरच्या मूर्तीला आधार लागत नाही, असे भाविक मानतात. शिरपूरच्या माणसाला मात्र तो लागतो, आणि स्वच्छ हवेच्या रूपाने तो देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.