विषांची बेरीज

गेल्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात, भोजनाच्या वेळी, एका भगिनीने मला आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल दाखविला. अमेरिकेत असा अहवाल ग्राहकांना दरवर्षी मिळतो व बहुधा न वाचताच टाकला जातो. या ताईंनी तो ओळीओळीने वाचला होता. "डॉक्टरसाहेब, प्रत्येक रसायनापुढे 'मर्यादेत' असे लिहिले आहे. पण आम्ही ही सगळी एकाच पेल्यातून पितो ना?" इतका नेमका प्रश्न मला पंचवीस वर्षांच्या व्यवसायात क्वचितच कोणी विचारला असेल.

मर्यादा ठरते कशी? प्राण्यांना एकच रसायन देऊन, ज्या मात्रेला अपाय आढळत नाही ती शोधतात आणि सामान्यतः तिला शंभराने भागतात. त्यांतील दहा प्राणी व माणूस यांतील भेदासाठी, दहा माणसामाणसांतील भेदासाठी. शेजारी आणखी रसायने असतील, याचा हिशेब त्या शंभरात धरलेला नाही.

लंडनच्या संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्री-संप्रेरकासारखा क्षीण परिणाम करणारी आठ रसायने त्यांनी यीस्टच्या पेशींवर तपासली. प्रत्येकाची मात्रा एकट्याने परिणाम दिसू नये इतकी अल्प होती. आठही एकत्र येताच परिणाम स्पष्ट दिसला. यात गूढ काही नाही, ही साधी बेरीज आहे. क्वचित गुणाकारही घडतो. अमेरिका व कॅनडातील ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. या दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉसने तो सुमारे ५, केवळ धूम्रपानाने सुमारे ११ आणि दोन्हींनी मिळून सुमारे ५३ भरला.

अमेरिकेच्या कायद्याने १९९६ मध्ये एकाच पद्धतीने अपाय करणाऱ्या कीटकनाशकांची बेरीज करणे बंधनकारक केले. पिण्याच्या पाण्याला हे तत्त्व लागू व्हायला एप्रिल २०२४ उजाडले. पीफास गटातील चार रसायनांचे प्रमाण ज्याच्या त्याच्या मर्यादेने भागावे, भागाकारांची बेरीज करावी व ती १ च्या पुढे जाऊ नये, असा तो नियम. तीन रसायने अर्ध्या-अर्ध्या मर्यादेत असली तरी बेरीज दीड होते! मे २०२५ मध्ये हाच नियम मागे घेण्याचा मनोदय पर्यावरण खात्याने जाहीर केला. माझ्या मते ही माघार अशास्त्रीय आहे, आणि तिची झळ सर्वांना सारखी लागणार नाही.

या ठिकाणी थोडे मागे जातो. इटलीतील मोडेना शहरी रामाझिनी नावाच्या वैद्याच्या घरचा मैलाखड्डा उपसणारा माणूस जिवाच्या आकांताने घाई करीत होता. घाई का, असे विचारता, जास्त वेळ आत राहिल्यास डोळे जातात, असे त्याने सांगितले. त्या भेटीतून कामगारांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली सिद्ध झाला, आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारावा हा धडा वैद्यकाला मिळाला. म्हणजे या शास्त्राचा पहिला गुरू एक सफाई कामगार होता.

माझे थोरले चुलते महाराष्ट्रातील एका शहरात गटारात उतरत. तेथे हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि अपुरा प्राणवायू एकत्र भेटतात. वासावर उतारा म्हणून विडी व दारू. त्यांच्या केसपेपरवर 'व्यसनी' एवढेच लिहिले होते. धंद्याचा रकाना कोरा होता. जातिव्यवस्थेने कामे वाटली तेव्हा विषेही वाटली. मात्र एकेकाच्या ओंजळीत अनेक टाकली. एकेकट्या विषाची मर्यादा त्या ओंजळीला कशी लावणार?

आपली मुले आज उपनगरांत सुखात राहतात, हे खरे. तरी घरात ब्लीच आणि ॲसिडचे किंवा अमोनियाचे क्लीनर कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो. तळघरातील रेडॉन तपासून घ्या, विशेषतः घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर, कारण हेही दोघे मिळून धोका वाढवितात. डॉक्टरांना आपली पूर्वीचीही कामे सांगा, ते विचारोत वा न विचारोत.

त्या ताईंच्या अहवालावर मी पीफासची नावे अधोरेखित करून दिली. आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला पत्र त्यांनीच लिहिले. मी फक्त रसायनांची स्पेलिंगे तपासली.