गाडीचा फ्यूज सारखा उडतोय? मोठा फ्यूज टाकण्याआधी हे समजून घ्या

14 ऑक्टोबर 2025. राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरला निघालेली एसी स्लीपर बस पेटली आणि किमान 20 जणांचा जीव गेला. सुरुवातीच्या तपासात संशय एसीच्या यंत्रणेतल्या शॉर्ट सर्किटवर गेला. मूळच्या नॉन-एसी बसमध्ये एसी नंतर बसवला होता, हेही समोर आलं.

आपण बसमध्ये एसी बसवत नाही. पण फॉग लाइट, मोठा हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर तर बसवतो. मग नंतर जोडलेली वायरिंग धोकादायक कधी ठरते?

फ्यूज नेमकं काय वाचवतो?

अनेकांना वाटतं, लाइट किंवा म्युझिक सिस्टीम. प्रत्यक्षात तो आधी वायर वाचवतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायर जळण्याआधी फ्यूजने वितळावं, हेच त्याचं काम.

साधा हिशोब बघा. 12 व्होल्टच्या गाडीत 55 वॅटचे दोन बल्ब साधारण 9 अँपिअर करंट घेतात. त्याच वायरवरून 100 वॅटचे दोन फॉग लाइट जोडले, तर आकडा जातो 26 अँपिअरजवळ. 15 अँपिअरचा निळा फ्यूज उडणारच. मग कुणीतरी 30 चा हिरवा फ्यूज टाकतं. लाइट लागतात, सगळे खूश. पण बारीक वायर आता तापत राहते, तिचं आवरण वितळतं आणि उघडी तार गाडीच्या पत्र्याला टेकली की ठिणगी.

मग योग्य पद्धत कोणती?

• जास्त करंट घेणाऱ्या वस्तूसाठी बॅटरीपासून वेगळी, पुरेशी जाड वायर.
• फ्यूज बॅटरीच्या जवळ. बॅटरी आणि फ्यूजमधल्या तुकड्याला कुठलंच संरक्षण नसतं, म्हणून तो लहानात लहान हवा.
• रिले. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून थोडाच करंट जातो, मोठा भार रिले उचलतो.
• पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट.

सर्किट ब्रेकर बसवला तर?

घरातल्या एमसीबीसारखाच तो पडतो आणि पुन्हा चालू करता येतो. काही ब्रेकर थंड झाल्यावर आपोआप चालू होतात. पण दोष तसाच असेल, तर वायर पुन्हा तापणार. ब्रेकर वारंवार पडत असेल, तर आधी कारण शोधा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. बेकायदा बदलासाठी मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे पुढच्या वेळी फ्यूज उडाला, तर गॅरेजवाल्याला ‘मोठा टाका’ म्हणू नका. ‘का उडाला?’ एवढंच विचारा.