उजळणी: पुस्तकाची आणि रुग्णाची

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी माझी भाची गेल्या पावसाळ्यात इंदूरला आमच्याकडे राहावयास आली होती. २०० प्रश्न, साडेतीन तास. न्यूमोनियातील श्वासगतीच्या मर्यादा तिने एका दमात सांगितल्या: दोन महिन्यांखालील बाळास मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दहा महिन्यांचे खोकणारे मूल आले. मूल रडत होते. तिने १५ सेकंद श्वास मोजून चाराने गुणले व ५६ आकडा सांगितला. मूल आईच्या कुशीत शांत झाल्यावर झबले वर करून आम्ही पूर्ण मिनिट मोजले. ४४ भरले. छातीही आत ओढली जात नव्हती. पहिल्या आकड्यावर त्या मुलास विनाकारण अँटिबायोटिक मिळाले असते.

"मामा, परीक्षेतले मूल रडत नाही ना!" ती म्हणाली.

तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. एम.डी.च्या प्रात्यक्षिकात परीक्षकांनी "मोजलेत की वाटले?" असे विचारले, तेव्हा मीही मान खाली घातली होती.

बहुपर्यायी परीक्षा टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. दोन लाखांहून अधिक उमेदवारांना एकाच मापाने जोखावयाचे तर दुसरा मार्ग कोणता? आमच्या वेळची परीक्षकांची लहर मी विसरलेलो नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इंटर्नशिपचे वर्ष, जे रुग्णाजवळ घालवावयाचे, तेच प्रश्नसंचांत संपते.

अतिसाराचेच पाहा. ओआरएसचे २४५ मिलिऑस्मोलचे सूत्र, २० मिलिग्रॅम झिंक, सारे मुखोद्गत असते. परंतु कुपोषित मुलाच्या पोटावरील त्वचेची चिमटी पाणी कमी नसतानाही सावकाश मिटते, आणि गुटगुटीत बाळात ती फसवे समाधान देते, हे बोटांनाच कळावे लागते. आईला समोर बसवून पाकीट कसे कालवते ते विचारावे. एक लिटरचे पाकीट थोडे थोडे पेलाभर पाण्यात टाकणाऱ्या माता मला आजही भेटतात.

म्हणून मंडळातील सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातील एक सकाळ दोन विद्यार्थ्यांसाठी, पालकांच्या संमतीने, राखून ठेवावी. आदल्या रात्री त्यांनी जो विषय वाचला असेल, त्याचाच रुग्ण दाखवावा. उत्पन्न थोडे घटेल, वेळ अधिक जाईल.

माझी सकाळ गुरुवारची. येणाऱ्यांनी सेकंदकाट्याचे घड्याळ सोबत आणावे.