वहीतील एक जमा खाते



घरातील वयोवृद्ध स्त्री निवर्तली की श्रद्धांजली सभेत ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ अशी विशेषणे मुक्तहस्ताने उधळली जातात. ती खोटी नसतात. परंतु कोणत्याही मातेस लागू पडत असल्याने त्या एका व्यक्तीविषयी फारसे सांगत नाहीत. बँकेच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला विशेषणांपेक्षा नोंदी अधिक विश्वसनीय वाटतात. आमच्या मातोश्री, ज्यांना सारे घर ‘अक्का’ म्हणे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी शांतपणे गेल्या. त्यांच्याविषयी लिहिताना नोंदींचाच आधार घेतो.

१९४९ साली, सोळाव्या वर्षी, त्या बार्शीच्या भुसार पेठेतील आमच्या घरी सून म्हणून आल्या. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मात्र पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा पेठेत बराच गोंधळ उडाला. वडील, म्हणजे अण्णा, सांगत की त्या दिवसांत सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली की ते रोजमेळ घेऊन बसत आणि आण्यांचे पैसे अक्का तोंडी सांगत. दुकानाची पायरी त्या क्वचितच चढल्या; परंतु दुकानाचा हिशेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जुळत असे.

१९७२ च्या दुष्काळात शेतकऱ्यांची उधारी थकली आणि व्यापाऱ्यांचे देणे उभे राहिले. कुळांकडे तगादा लावण्याची ती वेळ नव्हती. अक्कांनी माहेरच्या पाटल्या आणि गोफ अण्णांपुढे ठेवला. सोने मोडून देणी भागली. त्याच रात्री अण्णांनी खतावणीत अक्कांच्या नावाचे खाते उघडले व ती रक्कम जमा केली. अक्का हसून म्हणाल्या, “घरच्या माणसाचे कसले हो खाते?” अण्णा म्हणाले, “रक्कम ज्याची, त्याच्या नावे जमा पडलीच पाहिजे.” पुढे दरवर्षी पाडव्याला, बाहेरच्या ठेवीदारास जो दर, त्याच दराने त्या खात्यावर व्याज चढत गेले.

या खात्यातून अक्कांनी आमच्या बहिणीचे बी.एड. पूर्ण करविले. तिला नोकरी लागली तेव्हा पेठेत कुजबूज झाली. अक्कांनी ती कानाआड केली. अण्णांच्या पश्चात उरलेली शिल्लक त्यांनी स्वतःच्या नावे बँकेत ठेवली. सनदी लेखापालाची परीक्षा देणाऱ्या नातीस त्या दुपारी पावकी म्हणून दाखवीत आणि तिच्याकडून ताळेबंद समजून घेत. जमा आणि नावे या दोन बाजू त्यांना कधी शिकवाव्या लागल्या नाहीत.

नव्वदी जवळ आल्यावर त्यांनी मृत्युपत्र केले : तीन मुलगे, एक मुलगी, चार समान हिस्से. बहीण संकोचाने म्हणाली, “मला काही नको, अक्का.” त्यावर त्या म्हणाल्या, “आधी घे. मग कोणाला द्यायचे ते तू ठरव. न घेताच सोडलेस, तर ते तुझे होते हे कुणाला कळणार?”

आपल्या व्यापारी कुटुंबांत मुलींची हक्कसोडपत्रे किती सहजपणे होतात, हे मी बँकेच्या टेबलामागून पाहिले आहे. म्हणून काही गोष्टी नमूद करतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क असतो; मृत्युपत्र नसेल तर ती पती, मुलगे व मुली यांच्याकडे समान वाट्याने जाते. बँकेत वारस म्हणून नाव लावलेली व्यक्ती रक्कम स्वीकारते. तेवढ्याने ती एकटी मालक ठरत नाही.

घरातील स्त्रीने अडचणीत दिलेले सोने, वाचविलेला पैसा, जुळवून दिलेला हिशेब यांची नोंद तिच्या हयातीतच तिच्या नावे व्हावी. अण्णांनी लिहिलेली ती खतावणी आजही आमच्या कपाटात आहे. अक्कांच्या स्मृतिदिनी नातवंडांना मी त्यांच्या खात्याचे पान वाचून दाखवितो.