बंद शेडमधील इंजिन

पोलादपूरच्या पावसाळ्यात जुनी मर्सिडीज अंगणात दुरुस्त करणे अशक्यच. मग गाडी पडवीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते, झड आत येऊ नये म्हणून दारे लावली जातात आणि कार्बोरेटर जुळवण्यासाठी इंजिन चालू राहते. धोका नेमका येथेच आहे. अशा जुन्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड विपुल असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही लक्षणे आपण दमणुकीवर ढकलतो. शेड घराला लागून असल्यास हा वायू आतल्या खोलीत निजलेल्या बाळापर्यंतही पोहोचतो. दार किलकिले ठेवणे पुरेसे नाही. उघडीप पाहून गाडी बाहेर ढकलावी, मगच इंजिन चालू करावे. कोणी भोवळून पडल्यास दारे सताड उघडून त्याला त्वरित मोकळ्या हवेत आणावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ब्रेकमधील धूळही फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी.

वाचकहो, आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर यावी, ही हौस रास्तच. मात्र ती आंबेनळी घाट चढेल तेव्हा तिच्यात सारे घर धडधाकट बसलेले असावे.