नववीतील अनास्थेचे अर्थशास्त्र

दहावीचा निकाल लागला की गावोगावी गुणवंतांच्या सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचे प्रेरणादायी भाषण हा त्याचा ठरलेला क्रम. या समारंभांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सभागृहात मागे बसलेल्या नववीच्या मुलांपैकी कितीजण त्यामुळे अभ्यासाला लागतात, असे विचारले तर उत्तर सुखद येणार नाही. पहिल्या पाचांत येणाऱ्यांना प्रेरणेची फारशी गरज नसते आणि ज्यांना ती असते त्यांना पहिल्या पाचांत येण्याची शक्यताच दिसत नसते. जे बक्षीस आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक आहे त्यासाठी शहाणा माणूस श्रम करीत नाही. मुलेही करीत नाहीत.

माध्यमिक शाळांतील अनास्थेचा दोष कधी मोबाइलला दिला जातो, कधी घरच्या वातावरणाला. यात तथ्य नाही असे नव्हे. पण अनास्था हा स्वभावदोष मानला की उपदेशाखेरीज दुसरा इलाज सुचत नाही. वस्तुतः ती पुष्कळदा मुलाने आणि त्याच्या घराने आपल्या परीने मांडलेल्या हिशेबाचे फळ असते, आणि तो हिशेब वाटतो तितका चुकीचा नसतो.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र तेथेच संपते. दुसरीकडे, बालकामगारविषयक कायद्यातील २०१६च्या दुरुस्तीनंतरही १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवण्यास मुभा आहे. म्हणजे शाळेत राहण्याचा खर्च ज्या वर्षी वाढतो, त्याच सुमारास बाहेरची मजुरी कायदेशीर होते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. कायदा काहीही म्हणो, पंधराव्या वर्षी मुलाच्या हाती कोयता येतो आणि मुलीकडे कोपीवरची चूल व धाकटी भावंडे.

याच्या बदल्यात वर्गात मिळते काय? ‘असर’ने २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिकांना जमले नाही. अशा मुलापुढे नववीच्या बीजगणितातील बहुपदी मांडली तर तो मागच्या बाकावर गप्प बसेल, यात नवल ते काय? तो रोज शाळेत येतो याचेच नवल करावयास हवे.

शाळेचाही हिशेब असतो. तिची प्रतिष्ठा दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर ठरते आणि ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते, शाळेत दाखल झालेल्यांची नव्हे. मग अनुभवी शिक्षक दहावीला दिले जातात आणि चाळणी नववीत लावली जाते. कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा, म्हणजे बाहेरून बसण्याचा, सल्ला देणाऱ्या शाळा आहेत. निकाल शंभर टक्के लागल्याचा फलक पुढे अभिमानाने झळकतो. ही टक्केवारी किती भरवशाची, हे अलीकडेच दिसले. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढताच २०१९ साली तो ७७.१० वर आला आणि ते परत देताच २०२० साली ९५.३० वर गेला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाची परीक्षाच झाली नाही, हेही लक्षात घ्यावे.) एवढ्या अवधीत मुलांची अभ्यासातील गोडी अशी घटली आणि वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

बक्षीस मुळातच निरुपयोगी असते असे नाही. ते कशासाठी द्यावयाचे हा खरा प्रश्न आहे. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील शहरी शाळांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी मुलांना पैसे दिले, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य झाला. डॅलसमध्ये वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. गुण कसे वाढवावेत हे मुलाला कळत नाही. पुस्तक वाचणे मात्र त्याच्या हातात असते. डॅलसची मुले दुसरीतील होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा नववीला लावणे धाडसाचे ठरेल. पण नववीसंबंधी आपल्याच देशात पुरावा आहे. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. या मुलींना कोणी महत्त्वाकांक्षेवर व्याख्यान दिले नव्हते. शाळेचे अंतर तेवढे कमी केले होते.

महाराष्ट्रातही याच दिशेने विचार व्हावा. पोषण आहार दहावीपर्यंत न्यावा. त्याचा खर्च मोठा आहे, पण गळतीचाही खर्च समाजालाच सोसावा लागतो. नववीचे पहिले दोन महिने, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी, वाचन आणि भागाकाराला द्यावेत, आणि हे काम शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे सोपवावे. अभ्यासक्रम मागे पडेल ही तक्रार खरी आहे. परंतु या मुलांपुरता तो आजही पुढे सरकतच नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेचे मोजमाप बदलावे. आठवीत असलेल्या शंभर मुलांपैकी कितीजण दोन वर्षांनी त्याच शाळेतून दहावीला बसून उत्तीर्ण झाले, हा आकडा निकालाच्या दिवशी टक्केवारीशेजारी छापावा. स्थलांतरित कुटुंबांमुळे अन्याय होईल, असे मुख्याध्यापक म्हणतील. दुसऱ्या शाळेत दाखल झालेली मुले वेगळी दाखवता येतील आणि १७ नंबरच्या फॉर्मवर बसलेलीही. या कामासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही, कारण प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद यू-डायस प्रणालीत शाळा आजही भरतातच.